फांदीला खालची बाजू कळते

मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या की आमच्या सोसायटीत फांद्यांची देवाणघेवाण सुरू होते. कुणाकडची डबल जास्वंद, कुणाकडची तगर, कुणाचा बटमोगरा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर फांदी जिन्यात हातावर ठेवली जाते आणि वर बजावलं जातं, "निम्मी पानं काढून टाक हं, नाहीतर सुकेल."

आपल्या बागेतली निम्मी फुलं अशीच हातोहात आलेली आहेत. मोगऱ्याला बी जवळजवळ धरतच नाही, डबल पाकळ्यांच्या जातींना तर नाहीच. त्यामुळे मोगरा वाढवायचा तो फांदीपासून. बियांतून आलेलं रोप आईबापांपेक्षा थोडं वेगळं निघतं, छाट कलमातून आलेलं रोप म्हणजे मात्र तेच झाड, दुसऱ्या कुंडीत. तुमच्या आजीच्या अंगणातल्या मोगऱ्याची फांदी तुमच्या गॅलरीत रुजली असेल, तर सकाळी वास येतो तो आजीच्याच मोगऱ्याचा.

पण नुसत्या काडीला मुळं फुटतात कशी? सुरुवात जखमेपासून होते. कात्री लागली की कापलेल्या पेशींच्या आसपास जास्मोनिक आम्ल झपाट्याने वाढतं. झाडाची ही धोक्याची घंटा. या कुळातला एक रेणू, मिथाइल जास्मोनेट, 1962 मध्ये पहिल्यांदा वेगळा केला गेला तो जाईच्या तेलातून, म्हणून हे नाव. जाईच्या सुगंधातला रेणू आणि फांदी कापल्यावरची हाक एकाच घराण्यातली निघावी, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचं काम ऑक्झिन करतं. हे संप्रेरक शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत तयार होतं आणि पेशीपेशीतून खाली सरकतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. त्याला वाट दाखवणारी प्रथिनं पेशीच्या खालच्या टोकाला बसलेली असतात, त्यामुळे वाहतूक एकाच दिशेने. या प्रथिनांचं नाव 'पिन'. ती बिघडलेल्या एका रोपाला फुलांऐवजी टाचणीसारखा बोडका दांडा आला, त्यावरून पडलेलं. फांदी कापली की ऑक्झिनची वाट तुटते, ते कापाशी साचतं आणि तिथल्या पेशी मुळं घडवायला घेतात.

म्हणूनच फांदीला खाली-वर कळतं. हर्मान फ्यॉख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1878 मध्ये विलोच्या फांद्यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दमट हवेत उलट्या टांगलेल्या फांद्यांनाही मुळं आली ती मूळच्या बुडाकडच्या टोकाला, जे आता वर होतं. पानं काढलेली काडी उलटी खोचली जाणं सहज शक्य असतं. त्यामुळे जाणते माळी खालचा काप पेराच्या जरा खाली तिरका घेतात आणि वरचा सरळ. मग चुकायला जागाच उरत नाही.

मागच्या वर्षी मी तगरीची फांदी प्लॅस्टिकच्या पारदर्शक ग्लासात, कडेला टेकवून लावली. बाहेरून काळा कागद, रोज तो सरकवून बघायचं. आधी कापाच्या कडेला, सालीच्या आतल्या बाजूने, साबुदाण्यासारखा पांढरट फुगवटा आला. जखम भरून काढणाऱ्या पेशींचा हा गोळा. मग त्याच्या थोडं वर, साल फोडून, पहिलं मूळ बाहेर आलं. दोऱ्याएवढं, टोकाला काचेसारखं. त्या दिवशी मी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं.

मुळं येईपर्यंत फांदीचा हिशोब नाजूक असतो. पानांतून पाणी उडत राहतं आणि वर ओढायला मुळं नसतात. सगळी पानं काढली तर साखर आणि ऑक्झिन दोन्हींचा पुरवठा आटतो, म्हणून एक-दोन पानं अर्धी कापून ठेवायची. कळ्या मात्र निर्दयपणे खुडायच्या, त्या साठवलेलं अन्न खाऊन टाकतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पाणी कमी उडतं. मृगाचा मुहूर्त साधायचा तो यासाठी.

पाणी फार घातलं तरी घात होतो. माझी जास्वंदीची अख्खी कुंडी एकदा अशीच गेली, काड्या खालून काळ्या पडल्या आणि बुळबुळीत झाल्या. नव्या मुळांच्या पेशींना प्राणवायू भरपूर लागतो, आणि हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. चिखलात फांदी गुदमरते, मग बुरशीचं फावतं. निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचं वाटतं. शेणखत नंतर. दालचिनीची पूड बुरशीला थोडी आवरते, मुळं काही आणत नाही. मुळांसाठी रोपवाटिकांत इंडोल ब्युटिरिक आम्लाची पावडर वापरतात, तीही चिमूटभरच, जास्त झाली तर उलटी बाधते.

देवचाफ्याचं तंत्र वेगळं. त्याचा चीक वाहू द्यायचा आणि फांदी आठवडाभर सावलीत सुकवून मगच लावायची.

बोगनवेल लावणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. पंधरा दिवसांत पालवी फुटली म्हणून ती लगेच मोठ्या कुंडीत हलवू नका. ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते, खाली अजून काहीच नसू शकतं. उपटून बघायचा मोह आवरा, त्यात दोऱ्याएवढी मुळं तुटतात. कुंडीच्या बुडाच्या भोकातून पांढरं टोक डोकावलं, की हलवा.