आइस वॉच (मांडणशिल्प)

आइस वॉच : ग्रीनलंडचा बर्फ शहराच्या चौकात ठेवून तो लोकांच्या डोळ्यांदेखत वितळू देणारे मांडणशिल्प. डॅनिश-आइसलँडिक कलावंत ओलाफुर एलियासन आणि ग्रीनलंडमध्ये जन्मलेले भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांची ही संयुक्त निर्मिती. ते प्रथम २०१४ मध्ये कोपनहेगनच्या नगरभवनासमोर मांडले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये हवामान परिषद भरली असताना पॅरिसच्या पँथिऑन चौकात आणि डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयाबाहेर त्याच्या पुढील मांडण्या झाल्या.

हिमचादरीपासून आधीच तुटून ग्रीनलंडमधील नूक शहराजवळच्या फ्योर्डमध्ये (समुद्राच्या खोल, अरुंद खाडीत) तरंगत असलेले हिमखंड त्यासाठी पाण्याबाहेर काढून शीतपेट्यांतून आणले जात. पहिल्या दोन मांडण्यांत असे बारा खंड घड्याळाच्या तबकडीवरील आकड्यांप्रमाणे वर्तुळात ठेवले होते. इंग्रजी ‘वॉच’ या शब्दात घड्याळ आणि लक्ष ठेवणे हे दोन्ही अर्थ असल्याने मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्र जागवण्याची छटाही या नावात शोधता येते. बर्फाभोवती ना दोरखंड होते, ना काच. लोक त्याला हात लावत, मिठी मारत, कोणी चाखूनही पाहत. कान टेकवला की बारीक तडतड ऐकू येई. हिमवर्षावाबरोबर हजारो वर्षांपूर्वी कोंडली गेलेली हवा दाबाखालच्या बुडबुड्यांतून सुटत असल्याचा तो आवाज. स्पर्श करणाऱ्या प्रत्येक हाताच्या उबेने बर्फ थोडा अधिक विरघळत होता, आणि या कृतीचे मर्म, आमच्या मते, तबकडीच्या प्रतीकापेक्षा इथे अधिक आहे.

पर्यावरणीय शोकाच्या, म्हणजे निसर्गाच्या ऱ्हासामुळे वाटणाऱ्या दुःखाच्या, चर्चेत या शिल्पाचा विचार करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियन विचारवंत ग्लेन आल्ब्रेख्ट यांनी खुल्या कोळसाखाणींनी वेढलेल्या हंटर खोऱ्यातील रहिवाशांच्या संदर्भात ‘सोलास्टॅल्जिया’ ही संज्ञा मांडली; राहत्या जागीच राहून ती जागा हरवल्याची वेदना तिच्यात अभिप्रेत आहे. पॅरिसच्या पादचाऱ्याचे दुःख मात्र कधीही न पाहिलेल्या प्रदेशासाठीचे, म्हणजे दूरच्या नातलगाच्या सुतकासारखे असते, आणि ते जवळ आणण्यासाठीच हा खटाटोप होता.

बर्फ वाहून आणण्यात इंधन जळते, हा आक्षेप स्वाभाविकच घेतला गेला. पॅरिसच्या मांडणीचा कार्बन-ताळेबंद प्रसिद्ध करण्यात आला. सुमारे ८० टन बर्फासाठी ३० टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाल्याचे त्यात दिसते. तीस माणसांनी हा बर्फ पाहायला विमानाने पॅरिसहून ग्रीनलंडला जाऊन परत यावे, साधारण तेवढेच.