लाकडात वाघ कोरताना यंत्राला उंची कोण सांगतं?

वन्यप्राण्यांच्या लाकडी कोरीवकामाची युरोपातली मोठी परंपरा स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झची. १८१६ च्या सुमारास क्रिस्टियान फिशर यांनी तिथे सुरुवात केली आणि १८८४ मध्ये कोरीवकामाची शाळाही निघाली. ‘ब्लॅक फॉरेस्ट’ या नावाने विकली जाणारी अस्वलं आणि हरणं बहुतेक इथलीच. हे सगळं काम पटाशीचं. कुठे किती खोल जायचं हे कारागिराच्या नजरेला ठाऊक असे. यंत्राला मात्र ते कुणीतरी सांगावं लागतं.

पहिल्या यंत्रांनी ते नमुन्याकडून घेतलं. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९ मध्ये बंदुकीचे दस्ते घडवणारं लेथ केलं. त्यात एक चाक नमुन्यावरून फिरे आणि कापणारं चाक तीच हालचाल लाकडावर उतरवी. टी. बी. जॉर्डन यांच्या १८४५ च्या यंत्राने हेच तत्त्व सपाट नक्षीला लावलं. लंडनच्या संसदभवनातल्या लाकडी नक्षीसाठी ते वापरलं गेलं. शेवटचा हात तिथेही कारागीरच फिरवत.

नमुन्याच्या जागी आकडे आले ते हेलिकॉप्टरच्या पात्यांमुळे. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवर अमेरिकी हवाई दलाच्या पैशाने काम झालं आणि १९५२ मध्ये एमआयटीने छिद्रपट्टीवर (भोकांतून आकडे सांगणाऱ्या पट्टीवर) चालणारं मिलिंग यंत्र, म्हणजे फिरत्या पात्याने कापणारं यंत्र, दाखवलं. लाकडी उठावकामाला खरी गती दिली ती १९९० च्या दशकात डेलकॅम कंपनीच्या आर्टकॅमसारख्या सॉफ्टवेअरने. २००९ मध्ये जीआरबीएल हे मोफत नियंत्रक सॉफ्टवेअर आलं आणि छोटे राउटर, म्हणजे आकड्यांवरून लाकूड कोरणारी यंत्रं, घरगुती कार्यशाळांत पोहोचले.

आता उंची बहुधा करड्या चित्रातून येते: पांढरं म्हणजे वर, काळं म्हणजे खोल. सर्वाधिक फळ्या इथेच बिघडतात. वाघाचा फोटो थेट टाकला की काळे पट्टे चर बनतात आणि डोळ्यातली चमक टोचणारा सुळका होते, कारण फोटोतला उजेड म्हणजे उंची नव्हे. त्यासाठी वेगळा उंची-नकाशा किंवा त्रिमितीय मॉडेल हवंच. नकाशा ८ बिटचा असेल तर पातळ्या फक्त २५६. २० मिमी खोलीत प्रत्येक पायरी सुमारे ०.०८ मिमीची, आणि पाठीच्या गुळगुळीत उतारावर ती तिरप्या उजेडात दिसते. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या मिळतात. जेपीजी टाळावं, त्याच्या दाबणीतले चौकोन लाकडात खडबडीतपणा होऊन उतरतात.

कापणी दोन टप्प्यांत करावी. आधी ६ मिमीच्या एंडमिलने (राउटरच्या जाड पात्याने) ढोबळ काम, वर अर्धा ते एक मिमी लाकूड राखून. मग १ मिमी टोकाचं टेपर बॉलनोज बिट, म्हणजे निमुळतं, गोल टोकाचं कापणारं पातं. दोन ओळींत ०.१ मिमी अंतर ठेवलं, तर ३०० × ४०० मिमीच्या फळीवर ३,००० ओळी होतात, म्हणजे १,२०० मीटर प्रवास. मिनिटाला २,५०० मिमी वेगाने आठ तास, वळणांचा वेळ वेगळा. अंतर ०.२ केलं की वेळ निम्मा होतो. दोन ओळींमध्ये उरणारा उंचवटा मात्र चौपट, तरी तो ०.०१ मिमीच. पार्श्वभूमीच्या झाडांना आणि आकाशाला तेवढं पुरतं, ०.१ फक्त चेहऱ्यासाठी आणि केसांसाठी राखावं.

सागातली सिलिका बिटाची धार लवकर घालवते. बोथट टोक तंतू कापण्याऐवजी उपटतं आणि केसांच्या जागी लव उभी राहते. बारीक केसांसाठी घट्ट, एकसारख्या पोताचं लाकूड घ्यावं आणि शेवटची फेरी शक्यतो तंतूंच्या दिशेने चालवावी. तंतूंना आडवे गेलेले कान आणि शिंगांची टोकं मॉडेलमध्येच थोडी जाड ठेवावी. ब्रिएन्झच्या हरणाची मोकळी सुटलेली शिंगं तीन अक्षांच्या (फक्त आडव्या, उभ्या आणि वर-खाली सरकणाऱ्या) राउटरला जमत नाहीत. बिट वरूनच उतरतं, म्हणून शिंगाखालचं लाकूड जागीच राहतं. ते यंत्र थांबल्यावर बारीक पटाशीने काढावं लागतं.