पीसीआर आणि एमसीआर: दिवस वाढले म्हणून घाबरू नका, कोठडी कुठली ते विचारा

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुका कोर्टाबाहेर एक बाई भेटल्या, हातात डबा, सोबत कॉलेजातला मुलगा. नवऱ्याला शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरल्याच्या संशयावरून उचललेलं. पहिल्यांदा ३ दिवसांची कोठडी मिळाली होती आणि त्या दिवशी १४ दिवसांची झाली, तर त्या तिथेच रडायला लागल्या, म्हणाल्या "वकीलसाहेब, तीनाचे चौदा झाले, आता काय सुटत नाहीत हे." मी म्हटलं ताई, थांबा, आधीची कोठडी पोलिसांची होती, आताची न्यायालयीन आहे, आजच जामिनाचा अर्ज टाकता येतो. त्यांना ते पटायला बराच वेळ लागला. त्यांचा काय दोष, पेपरात दोन्हीकडे "कोठडी"च छापून येतं.

तर कोर्टात आम्ही बोलतो ते पीसीआर म्हणजे पोलीस कस्टडी रिमांड, आणि एमसीआर म्हणजे मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड, त्यालाच पेपरवाले न्यायालयीन कोठडी म्हणतात. पीसीआरमध्ये माणूस पोलीस स्टेशनच्या लॉकअपमध्ये, तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात. एमसीआरमध्ये तो जेलमध्ये, म्हणजे येरवडा, आर्थर रोड, कळंबा, गोव्यात असेल तर कोलवाळ. तिथे तो कोर्टाच्या हवाली असतो, पोलिसांना काही विचारायचं असेल तर आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. आणि एमसीआर म्हणजे शिक्षा नव्हे हो, गावात लगेच "जेल झाली" असं पसरतं, पण अजून चार्जशीटसुद्धा आलेली नसते.

अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायलाच लागतं, हे थेट राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. तिथे पोलीस रिमांड रिपोर्ट, म्हणजे कोठडी का हवी ते सांगणारा कागद, देतात आणि त्यातली वाक्यं मला आता पाठ झालीत: मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, सखोल चौकशी करायची आहे, आरोपी तपासात सहकार्य करत नाही. यातलं शेवटचं वाक्य नीट बघा. सहकार्य करत नाही म्हणजे बऱ्याचदा एवढंच की तो गुन्हा कबूल करत नाहीये. महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कबुली दिली नाही म्हणून सहकार्य केलं नाही असं होत नाही, स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क कलम २०(३) मध्ये आहे. वकिलाने हे रिमांडच्या वेळी बोललंच पाहिजे, आणि बोललं की ५ दिवसांची मागणी असताना २ दिवस मिळतात असं मी स्वतः पाहिलंय.

पीसीआरमधली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पण तिथे आरोपीने "मी दाखवतो" म्हणून सांगितलं आणि खरंच वस्तू निघाली, तर सांगितल्यातला त्या वस्तूपुरता भाग चालतो, त्यालाच मेमोरंडम पंचनामा म्हणतात, आणि पोलिसांना पीसीआर हवी असते ती बरेचदा यासाठीच. म्हणून घरच्यांनी लॉकअपबाहेरून "सांगून टाक, सोडून देतील" असला सल्ला देऊ नये, मला हे फार कळकळीने सांगायचंय. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क आहे, अख्ख्या चौकशीत शेजारी बसवून घ्यायचा नाही, पण भेटायचा आहे. दर ४८ तासांनी मेडिकल व्हायला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून चालत आलंय. आणि कोर्टात साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे तेच पोलीस उभे असतात, परत त्यांच्याचबरोबर जायचं असतं, मग माणूस मान हलवून "नाही" म्हणतो आणि रोजनाम्यात तक्रार नाही असं येतं. मारहाण झाली असेल तर सांगायची जागा तीच आहे, तिथेच सांगा, अंगावरचे वळ दाखवा.

आता एक मोठा बदल. जुन्या कायद्यात पीसीआर पहिल्या १५ दिवसांतच घेता यायची, ते दिवस गेले की पोलिसांचा विषय संपला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १८७ मध्ये पीसीआर एकूण १५ दिवसांचीच आहे पण ती तुकड्यातुकड्यांत घेता येते, जिथे तपासाला ६० दिवस आहेत तिथे पहिल्या ४० दिवसांत आणि ९० दिवस आहेत तिथे पहिल्या ६० दिवसांत कधीही. म्हणजे जेलमध्ये गेलेला माणूस परत लॉकअपमध्ये येऊ शकतो. म्हणूनच हल्ली रिपोर्टात लिहितात, "पोलीस कोठडीचा हक्क राखून ठेवून न्यायालयीन कोठडी द्यावी". मला हा बदल अजिबात पटलेला नाही, कारण त्याच्या आडून जामिनाला विरोध होतो. पण कलम ४८० मध्येच लिहिलंय की पहिल्या १५ दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते एवढ्याच कारणावर, बाकी जामिनाला पात्र असलेल्याला, जामीन नाकारता येत नाही. ते वाक्य छापून अर्जाला जोडा. मकोका (संघटित गुन्हेगारीचा कायदा), यूएपीए (दहशतवादी, बेकायदा कारवायांचा कायदा) यांचं गणित वेगळं, तिथे पीसीआर ३० दिवसांपर्यंत जाते.

पीसीआर चालू असताना जामिनाचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही, एमसीआर झाली की त्याच दिवशी टाकायचा, हे व्यवहारातलं सगळ्यात कामाचं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन केला तरी चालतो.

आणि कॅलेंडरवर खूण करा. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवस, बाकीच्यांत ६०, तेवढ्यात चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्क होतो, त्याला डिफॉल्ट बेल म्हणतात, तिथे कोर्ट पुरावा किती भक्कम ते बघत नाही. मोजायचं अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, तो दिवस धरून. १ जूनला पहिला रिमांड असेल तर ३० जुलैला ६० दिवस भरतात आणि ३१ जुलैला सकाळी कोर्ट उघडलं की अर्ज घेऊन उभं राहायचं. हक्क आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, आणि तुम्ही मागायच्या आत चार्जशीट दाखल झाली की तो गेला.

त्या ताईंच्या नवऱ्याला तिथपर्यंत थांबावं लागलं नाही, नवव्या दिवशी जामीन झाला. डबा मात्र त्या दिवशी परत न्यावा लागला, जेलमध्ये घरचं जेवण द्यायचं तर कोर्टाची वेगळी परवानगी लागते आणि ती मागायची आमच्या लक्षातच राहिली नव्हती.