□ आणि !: नियम सारखे, पाया वेगळा

मोडल लॉजिक, म्हणजे ‘अनिवार्य’ आणि ‘शक्य’ यांचं तर्कशास्त्र, शिकून लिनियर लॉजिककडे, म्हणजे गृहीतकं वापरली की खर्ची पडतात अशा तर्कशास्त्राकडे, वळणाऱ्याला तिथलं ‘!’ हे चिन्ह लगेच ओळखीचं वाटतं: मोडल लॉजिकमधल्या □ सारखं. ओळख खोटीही नाही. मोडल लॉजिकच्या एस-४ पद्धतीत □क म्हणजे ‘क हे विधान अनिवार्यपणे खरं आहे’. □क वरून क मिळतं आणि □□क सुद्धा. □(क → ख) आणि □क हाताशी असतील तर □ख मिळतं. कोणत्याही गृहीतकाविना सिद्ध झालेल्या क पुढे □ लावता येतो. आता □ च्या जागी ! लिहा आणि → या ‘जर-तर’च्या जागी लिनियर लॉजिकचा जर-तर, ⊸. चारही नियम जसेच्या तसे टिकतात. निष्कर्षापुढे ! लावायचा तर प्रत्येक गृहीतकापुढे ! असलाच पाहिजे, ही अटसुद्धा एस-४ मधल्या □ चीच.

म्हणून ‘लिनियर लॉजिक म्हणजे एक मोडल लॉजिकच’ असं सर्रास म्हटलं जातं. मला हे वाक्य दिशाभूल करणारं वाटतं. दोन चिन्हांची कितीही तुलना केली तरी खरा फरक हाती लागत नाही, कारण तो ज्या सूत्रांवर चिन्हच नाही त्यांच्यात आहे.

एस-४ नेहमीच्या, म्हणजे अभिजात तर्कशास्त्रावर उभं आहे. तिथे □ नसलेलं साधं क हवं तितक्या वेळा वापरा, किंवा न वापरता सोडून द्या. क → (क ∧ क), म्हणजे ‘क असेल तर क आणि क’, हे तर कोणी वेगळं सिद्ध करायलाही बसत नाही. ज्याँ-ईव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये लिनियर लॉजिक मांडलं, तेव्हा नेमकी हीच मोकळीक काढून घेतली. इथे गृहीतक एकदाच वापरायचं, आणि वापरायचंच.

हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. हे ⊸ ने लिहिलं तर डावीकडचे रेणू खर्ची पडतात. → ने लिहिलं तर पाणी तयार होऊनही हायड्रोजन शिल्लकच राहतो, शिवाय ‘दोन रेणू’ आणि ‘एक रेणू’ यांत फरकच उरत नाही. □ लावून हे दुरुस्त होत नाही. एखादी गोष्ट केवळ खरी आहे की सर्व शक्य जगांत खरी आहे, हे □ सांगतो. ती किती आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ! मात्र सांगतो तेच: हवी तितकी घ्या, घेतली नाही तरी चालेल.

मोकळीक गेली की ‘आणि’सुद्धा एक राहत नाही. क ⊗ ख म्हणजे दोन्ही एकदम हातात; क & ख म्हणजे दोन्हींपैकी हवं ते, पण एकच. एस-४ मध्ये □(क ∧ ख) आणि □क ∧ □ख समतुल्य असतात, दोन्हीकडे एकच ∧. त्याच नियमाचं लिनियर रूप असं: !(क & ख) आणि !क ⊗ !ख समतुल्य. एका ‘आणि’मधून दुसऱ्यात नेणारा हा पूल मला साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर जागा वाटते. एस-४ मध्ये तो दिसूच शकत नाही, कारण तिथे ओलांडायला दोन काठच नाहीत.

लिनियर लॉजिकमधल्या कुठल्याही सिद्धतेत ! चा □ केला, ⊗ आणि & दोन्हींचा ∧ केला, बाकीची चिन्हंही अशीच बदलली, तर एस-४ मधली सिद्धता मिळते. उलट दिशेने हा प्रवास होत नाही. वरच्या क → (क ∧ क) मध्ये ∧ चा ⊗ केला की मिळणारं क ⊸ (क ⊗ क) तिथेच अडतं.

साम्याचं मूळ इतिहासातही दिसतं. कुर्ट गोडेल यांनी १९३३ मध्ये सूत्रांत ठिकठिकाणी □ घालून इंट्यूशनिस्टिक लॉजिक (जिथे ‘खरं’ म्हणजे सिद्ध करून दाखवता येणारं) एस-४ मध्ये उतरवलं. ते रूपांतर काटेकोर असल्याचं, म्हणजे मूळ सूत्र सिद्ध होतं तेव्हाच रूपांतरित सूत्रही सिद्ध होतं हे, मॅकिन्सी आणि टार्स्की यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं. जिरार यांनीही तेच लॉजिक लिनियर लॉजिकमध्ये उतरवलं; त्यात क → ख चं !क ⊸ ख होतं. □ आणि ! यांचा आणखी एक स्वभाव जुळतो. एकाच नियमांचे दोन ∧ घेतले तर ते समतुल्य निघतात, पण एकाच नियमांचे दोन □ किंवा दोन ! निघतीलच असं नाही.

पायाचा फरक किती खोल आहे, हे निर्णयक्षमतेत कळतं. एस-४ मध्ये एखादं गृहीतक एकदा असो की दहादा, काही बिघडत नाही. त्यामुळे शोधाला मर्यादा पडते, आणि दिलेलं सूत्र सिद्ध होतं की नाही हे यंत्राला ठरवता येतं; लॅडनर यांनी १९७७ मध्ये दाखवलं की हा प्रश्न पीस्पेस-पूर्ण आहे, म्हणजे मर्यादित (बहुपदी) स्मृतीत सुटणाऱ्या प्रश्नांत सर्वांत अवघड. लिनियर लॉजिकमध्ये तेच सूत्र किती वेळा आलं ही संख्या स्वतःच माहिती असते, म्हणजे सूत्रं मोजणी ठेवू शकतात. त्या मोजणीवर चालणाऱ्या आज्ञा ! खाली ठेवल्या की त्या पुन्हापुन्हा वापरता येतात, आणि मग लॉजिकमध्ये अख्खं गणनयंत्र चालवता येतं. लिंकन, मिचेल, स्केड्रोव्ह आणि शंकर यांनी याच वाटेने दाखवलं की ! सकटचं प्रपोझिशनल (‘सर्व’, ‘काही’ नसलेलं) लिनियर लॉजिक अनिर्णेय आहे, म्हणजे तिथे असा निवाडा कोणत्याच यंत्राला नेहमी करता येत नाही. ! आणि त्याचं जोडीदार चिन्ह ‘?’ वगळले, तर उरलेला भाग पुन्हा पीस्पेस-पूर्ण.