बँक लिलावातली घरं शोधणं

कर्ज थकलं म्हणून बँकेने विकायला काढलेले फ्लॅट, दुकानं, गाळे हुडकायचे आणि लिलावात घ्यायचे, याला मुंबई-पुण्यात सगळे 'बँक ऑक्शन'च म्हणतात. यामागचा कायदा २००२ चा, सरफेसी, म्हणजे थकलेलं कर्ज तारण मालमत्तेतून वसूल करायचा. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग ६० दिवसांची मागणी नोटीस, तरी पैसे नाही आले तर बँक कोर्टात दावा न लावता ताबा घेऊ शकते. शेतजमीन या कायद्यातून वगळलीय.

शोधायचं कुठे, तर पेपरात. आतल्या पानावर बारीक टायपात 'कब्जा सूचना', म्हणजे बँकेने ताबा घेतल्याची जाहीर नोटीस, येते, त्यानंतर विक्रीची नोटीस, एका तरी स्थानिक भाषेच्या पेपरात ती द्यावीच लागते. सरकारी बँकांची यादी बँकनेट पोर्टलवर मिळते, पण बहुतेक जण विक्रीची नोटीस आली की जागे होतात, कब्जा सूचना वाचणाऱ्याला मात्र चौकशीला जास्त वेळ मिळतो, म्हणून तीच आधी वाचावी.

तिच्यात एक शब्द बघायचा, कब्जा सांकेतिक की प्रत्यक्ष. सांकेतिक म्हणजे ताबा फक्त कागदावर: दारावर नोटीस चिकटवलेली आणि खाली चपला, लहान मुलाची सायकल, म्हणजे बहुतेक वेळा आत माणसं राहतायत. अशा घराची किंमत कमी दिसते कारण ते रिकामं करून घ्यायला मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते, कर्जदार डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) गेला तर अजून लांबतं. त्या घरातल्या लोकांना दमात घेणारे एजंट असतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नये, ताबा बँकेकडूनच घ्यावा.

बिल्डिंगमध्ये जाऊन वॉचमनशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलायलाच हवं. विक्री 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर असते, त्यामुळे मेंटेनन्सची थकबाकी, घरपट्टी बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच गळ्यात, आणि जुनं लाइट बिलही वीज कंपनी नव्या मालकाकडे मागू शकते हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय.

पैशाचं गणित कडक आहे. अनामत साधारण राखीव किमतीच्या (ज्याच्या खाली बोली घेत नाहीत) १० टक्के, बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून, बोलीच्या रकमेचे २५ टक्के पूर्ण करायचे, उरलेले विक्री कन्फर्म झाल्यापासून १५ दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवली तरी जास्तीत जास्त तीन महिने. नाही जमलं तर भरलेले पैसे जप्त, म्हणून लोन आधी मंजूर करून मगच बोली लावावी.