शिव्यांची जुनी वहिवाट
मोबाइलवर राजकारणाचा विषय निघाला की दोन-चार प्रतिसादांत मुद्दा बाजूला पडतो आणि 'अंधभक्त', 'चमचा', 'गुलाम' सुरू होतं. मग कुणीतरी हळहळतं, की पूर्वीचे वाद कसे सभ्य असायचे. पूर्वीचं म्हणाल, तर पुण्यात सुधारक आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असताना काढली होती.

त्याआधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' या आपल्या मासिकात जोतीराव फुल्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या मराठीचीही यथेच्छ टर उडवली. भाषेच्या चुका काढून माणसाला गप्प करायची ही खोड आजही शाबूत आहे.

1882 सालचं कोल्हापूर प्रकरण तर आजच्या फॉरवर्डचंच वाटावं. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे तिथल्या छत्रपतींचा छळ करतात, अशा अर्थाची पत्रं टिळक-आगरकरांच्या 'केसरी' आणि 'मराठा'च्या हाती आली, छापली गेली, आणि पुढे बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. त्यांच्या जामिनासाठी दहा हजारांची सोय झाली ती रामशेट उरवणे यांच्याकडून, आणि ती जोतीरावांच्या शब्दावर! चिपळूणकरांच्या गोटातल्या माणसांसाठी जोतीरावांनी हे केलं, हे मला त्या सगळ्या भांडणापेक्षा मोठं वाटतं.

दुसऱ्या, म्हणजे ब्राह्मणेतर बाजूनंही हात आखडता घेतला नाही. दिनकरराव जवळकरांनी 1925 मध्ये 'देशाचे दुश्मन' लिहून टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहरी हल्ला चढवला. प्रकाशक केशवराव जेधे. चिपळूणकरांच्या एका नातेवाइकानं फिर्याद केली, शिक्षा झाली, पण 1926 मध्ये अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. फिर्यादी हा दूरचा नातेवाईक, त्याला फिर्यादीचा हक्कच नाही, हा त्यांचा मुद्दा चालला आणि आरोपी सुटले. त्या ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादातली भाषा आज वाचली तर ट्रोलसुद्धा बिचकेल.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात यशवंतराव चव्हाणांना 'सूर्याजी पिसाळ', म्हणजे फितूर, ठरवलं गेलं. अत्र्यांचा 'मराठा' (टिळकांचा नव्हे, हा वेगळा) 1956 मध्ये निघाला, बाळासाहेब ठाकऱ्यांचा 'मार्मिक' 1960 मध्ये. पुढे या दोघांचीच जुंपली, तेव्हा वाचकांची चंगळ झाली. कुणाच्या अंगकाठीवर घसरणं हे तेव्हाही विनोदातच जमा होत होतं.

मात्र या सगळ्यांत लिहिणाऱ्याचं नाव, छापखान्याचा पत्ता जाहीर असे. फरक पडला तो इथं. इंटरनेटसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीनं 66अ कलम आलं: आक्षेपार्ह मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद. टोळधाड घालणाऱ्यांना त्याचा धाक किती बसला कोण जाणे, पण बाळासाहेब ठाकरे गेल्यावर, नोव्हेंबर 2012 मध्ये, मुंबई बंद का, एवढं विचारणारी पालघरची एक मुलगी आणि ती पोस्ट 'लाइक' करणारी तिची मैत्रीण पकडल्या गेल्या. त्यांच्या लिहिण्यात शिवी नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द केलं.

मानहानीचा कायदा शिल्लक आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात मोडतो. पण समन्स बजवायला आधी आरोपीचं नाव-गाव लागतं, आणि शिवी देणाऱ्या खात्यावर बहुतेक वेळा वाघाचा फोटो आणि पुढे चार आकडे एवढंच असतं.