सुमित्रा भावे: आधी ऐकणं, मग पटकथा

दिग्दर्शिका सुमित्रा भावे सिनेमाकडे वळल्या तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि सिनेमाचं कसलंही शिक्षण घेतलेलं नव्हतं. गाठीशी होतं ते समाजशास्त्र, पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत शिकवल्याचा अनुभव आणि 'स्त्रीवाणी' या स्त्रियांविषयीच्या प्रकल्पाच्या संशोधनात वस्तीतल्या बायकांकडून ऐकलेल्या हकिकती. अहवाल लिहून होत, पण ज्यांच्याबद्दल ते लिहिले त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. मग त्यांचं जगणं त्यांच्यापर्यंतच पोचवायचं कसं? या अडचणीतून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पुढे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर यांच्याबरोबर १९९५ मध्ये 'दोघी' आला. लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात, मग गौरीवर अपशकुनी असल्याचा शिक्का, मग मुंबईतला देहविक्रय. एवढ्या ऐवजावर तीन तास रडवता आलं असतं. भावेंनी वजन दिलं ते बहिणींच्या नात्याला. नाव 'दोघी' आहे ते उगीच नाही.

'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'नितळ'मध्ये कोड, 'अस्तु'त स्मृतिभ्रंश. त्यामुळे हे 'विषयाचे सिनेमे' अशी कुरकुर झाली. ती अगदीच खोटी नाही. 'नितळ'मधली माणसं मधूनच समजावून सांगायला लागतात. पण 'अस्तु' पाहा. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री गाडीतून उतरून हत्तीमागे चालू लागतात. लेकीच्या लेखी तिचे अप्पा हरवलेत. माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या लेखी मात्र एक म्हातारं लेकरू दारी आलंय, त्याला भरवायचं. आजार तोच, पण पाहणारी बदलली की माणूस बदलतो. मुलाखती घेणाऱ्या बाईलाच हे सुचावं, असं मला वाटतं. या सिनेमासाठी अमृता सुभाष यांना सहाय्यक अभिनेत्रीचा, तर भावेंना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'कासव'मधली जानकी तर आत्महत्येच्या काठावरून परतलेल्या मुलाला काही न विचारताच घरी आणते. २०१६ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ 'कासव'ला मिळालं, तरी चित्रपटगृहांत त्याला जागा बेताचीच होती. निर्माते-अभिनेते मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. ते ठिकठिकाणी खेळ लावून नंतर प्रेक्षकांशी बोलत बसायचे.